जुफ्ती कुणाच्या हातची?

१

बीबी माहनेसाचा अंगठा थांबला आणि तंगल गावातलं एक ठरलेलं लग्न मोडलं.

मी तिथेच होतो. मी रफूगार. बिरजंदच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. उंदरांनी कुरतडलेले, निखाऱ्यांनी जळलेले, क्वचित भावाभावांनी वाटणीत रागानं कापलेले गालिचे माझ्याकडे येतात आणि मी ते पूर्ववत करतो. तंगलच्या मशिदीतल्या गालिच्यासाठी आलो होतो आणि उतरलो होतो बीबीकडे. त्या सकाळी तिच्या मागावरचा गालिचा खाली ओढायचा होता. विणकाम हात पोचेनासं होईतो वर चढलं, की उभे धागे ढिले करून विणलेला भाग मागाच्या पाठीमागे खाली घ्यावा लागतो. त्याला माणसं लागतात आणि फुकट जेवणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.

मागावर तिघी बसत. डावीकडे शेजारची तूबा, जिची जीभ कातरीपेक्षा धारदार. उजवीकडे सनोबर, नाकीडोळी नीटस, बोलायला कंजूष, बीबीच्या मुलाशी लग्न ठरलेली. आणि मध्ये खुद्द बीबी. मधला वाटा नेहमी सगळ्यांत जाणत्या बाईचा, कारण गालिच्यातलं मोठं फूल तिथंच उमलतं.

गालिचा खाली आला तशी बीबी मागाच्या पाठीमागे गेली. तिथं खिडकी नाही, अंधारच असतो. तिनं उलट्या बाजूनं सनोबरच्या वाट्यावर अंगठा फिरवायला सुरुवात केली. सून घरात आणायच्या आधी आमच्याकडे सासू असंच बघते. चेहरा नंतर, गाठी आधी.

अंगठा मध्येच थांबला. मागे आला. पुन्हा गेला.

"जुफ्ती," बीबी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, आणि मग तो वाढला. "माझ्या मागावर जुफ्ती! उस्ताद नजफ, इकडे या. तुमचा अंगठा काय म्हणतो?"

गाठ बांधायची ती दोन उभ्या धाग्यांवर. चार धागे एकदम पकडून एकच गाठ मारली की झाली जुफ्ती. निम्म्या गाठी, निम्मा वेळ. समोरून काही कळत नाही, पण पायाखाली काही वर्षं गेली की अशा गालिच्याला टक्कल पडतं. आमच्याकडे कोंबडी चोरणाऱ्याला लोक माफ करतात, जुफ्ती बांधणारीला नाही. तिला कुणी मागावर बसू देत नाही, आणि जिला मागावर बसू देत नाहीत तिला सून म्हणून कोण घेणार?

मी अंगठा फिरवला. वीतभर उंचीचा पट्टा, सगळा सनोबरच्या वाट्यात. खाली स्वच्छ, वर जुफ्ती.

"आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"तू बांधलीस?" बीबीनं विचारलं.

सनोबरनं मान खाली घातली. "बीबी म्हणतात म्हणजे असेल."

"असेल? अगं, तोंड आहे की बोचकं? हो म्हण नाहीतर नाही म्हण!"

अंगणातून धावत आलेल्या चार बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"तूबा, हिच्या आईकडे जा," बीबी म्हणाली. "सांग तिला, शाल तुमच्याकडेच राहू दे, अंगठीही राहू दे. पोरगी मात्र आम्हाला नको."

२

बीबीचा मुलगा यदुल्ला ट्रक चालवतो. दुपारी घरी आला आणि ते ऐकून दारातच बसला.

"उस्ताद, ती नाही करणार. तिच्या जागेवर दुसऱ्या कुणीतरी बसून केलंय. तुम्ही गाठ बघून हात ओळखता ना? ओळखा."

"ओळखू दे की," आतून बीबी म्हणाली. "उद्या दुपारी व्यापाऱ्याकडून मिर्झा इनायत गालिचा बघायला येतोय. त्याच्या आधी सांगा. माझ्या मागाचं नाव गेलं, आता ते कुणी घालवलं एवढं तरी पक्कं कळू दे."

मला वाटलं, संध्याकाळच्या चहाच्या आत उरकेल. गाठ पाहून हात ओळखायचा हा माझ्यासाठी रोजचाच उद्योग. माणसाच्या मनापर्यंत जायचं काम मी कधी केलं नव्हतं, आणि ते आपल्याला जमेल अशी घमेंडही नव्हती.

आधी तूबाला गाठलं. ती दारात बसून लोकरीचे गोळे करत होती. मला बघताच म्हणाली, "या, या. माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? बसा. संशय उभ्यानं घेऊ नये, गुडघे दुखतात."

"तुझ्या धाकट्या बहिणीसाठी यदुल्लाला विचारलं होतंस, असं ऐकलं."

"विचारलं होतं. बीबीनं नाही म्हटलं, सनोबरला हो म्हटलं. मला राग आला. वर्षभर आला. अजूनही थोडा आहे. पण म्हणून मी दुसरीच्या वाट्यात जाऊन गाठी मारीन? आणि माझी गाठ तिच्या वाट्यात लपेल तरी का, उस्ताद? ती बलुची बाईची लेक. तिची गाठ उलटी."

हे खरं होतं. सनोबरची आई नाजखातून बलुची. त्यांच्या हातची गाठ डावीकडे उघडते, म्हणून लव डावीकडे झुकते. तंगलच्या बायकांची उजवीकडे. बीबी त्यावरून पोरीला रोज चिडवायची. सनोबरनं सवय बदलायचा प्रयत्न केला, पण लहानपणी बोटांना लागलेलं वळण सुटत नाही. शेवटी बीबी म्हणाली होती, राहू दे, गाठ घट्ट आहे ना, मग वळू दे तिला पाहिजे तिकडे.

"बरं, तू शेजारी बसतेस. तुला काही दिसलं नाही?"

"मध्ये बीबी बसते ना! तिची ओढणी, तिची पाठ, तिचे टोमणे. पलीकडचं कसलं दिसतंय?" तूबाचे हात थांबले. "पण एक आहे. हल्ली सनोबरचं आमच्या आधी व्हायचं. मी अजून अर्ध्या ओळीत, आणि ही मोकळी. मला वाटायचं, तरणी बोटं आहेत."

"मग? उठून जायची?"

"कुठली उठते! आडवा धागा घालायचा तर तिघींची ओळ पुरी व्हावी लागते. सगळ्यांत हळू जी, तिच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं. ही बीबीला खेटून बसायची. लोकर हातात दे, लोंबतं टोक काप. सासूची मर्जी! दुपारी बीबी नमाजाला गेली तरी ही मागावरच. मी जेवून येईतो तिथंच."

तिचं बोलणं माझ्या कानाला खटकलं, पण का खटकलं ते तेव्हा उमगेना. निघताना ती म्हणाली, "मिर्झाला विचारा. तो गेल्या महिन्यात दोनदा मागाच्या खोलीत एकटा शिरला होता. गालिच्यात खोट निघाली तर त्याला भाव पाडायला बरंच की."

३

मिर्झा इनायत व्यापाऱ्याचा माणूस. गावच्या मुखियाकडे मुक्काम ठोकून, एकेका घरचे माग तपासत फिरत होता. मला बघून त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

"मी? मागाला हात लावला? उस्ताद, खोलीत गेलो ते सावलीला! बाहेर ऊन होतं."

"हा धागा घ्या, आणि या दोन काटक्यांवर गाठ मारून दाखवा."

मी धरलेल्या काटक्यांभोवती त्यानं लोकर अशी गुंडाळली की आपलंच बोट आत अडकवून घेतलं. ओढलं तर आणखी घट्ट. मुखियाची बायको तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. आयुष्यभर गालिच्यांना नावं ठेवली, पण एक गाठ कधी मारली नव्हती. त्याचं बोट मीच सोडवलं.

"पण एक सांगून ठेवतो," तो बोट चोळत म्हणाला. "जुफ्ती कुणाची ते उद्या मला सांगितलं नाहीत, तर मी पूर्ण घराचंच नाव कळवीन. मग त्या घराला कुठलाच व्यापारी लोकर देणार नाही."

मी तडक मागाच्या खोलीत गेलो. गालिच्यासमोर बसलो. तूबाच्या बाजूनं, डावीकडून उजवीकडे, सनोबरच्या त्या पट्ट्यावर तळवा फिरवला.

लव अंगावर आली. मांजरीच्या पाठीवरून शेपटीकडून हात फिरवावा तशी. लव डावीकडे झुकलेली होती. म्हणजे गाठी उलट्या, म्हणजे बलुची हात. तंगलमध्ये तो हात दोघींचाच होता, आणि नाजखातूनला बीबीच्या मागावर कुणी बसू दिलं नव्हतं.

यदुल्ला दारात उभा होता. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. जुफ्ती सनोबरनंच बांधली होती.

४

खरं तर तिथं माझं काम संपलं होतं. पण त्या दिवशी बीबीच्या घरी कुणी जेवलं नाही. कुरुतीचं, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या कालवणाचं भांडं चुलीजवळ तसंच राहिलं, वरचा तळलेला कांदा मऊ पडला, आणि ते बघत बसलो असताना तूबाचं बोलणं मला का खटकलं होतं ते अचानक लक्षात आलं.

एकटी बाई एका मागावर असेल तर जुफ्तीनं गालिचा लवकर होतो. तिघींच्या मागावर काहीच होत नाही! ओळ पुढं सरकते ती सगळ्यांत हळू जी, तिच्या चालीनं. सनोबरनं निम्म्या गाठी मारल्या तरी गालिचा बोटभरसुद्धा लवकर होणार नव्हता. तिला मिळणार होतं एकच, रिकामे हात. आणि ते हात घेऊन ती कुठं गेलीही नव्हती. तिथंच बसली होती.

मग लबाडी केली कशासाठी? आळशी माणूस लबाडी करून पाय पसरतो. ही पाय न पसरता मागाला चिकटून बसत होती.

सकाळी मी नाजखातूनच्या घरी गेलो. तिनं दार उघडलं आणि माझ्यावरच भडकली. "आता काय, भिंती तपासायच्यात? माझ्या पोरीचा हात बघून तिला मागणी घातली होती तुम्ही लोकांनी! काल तोच हात वाईट झाला?"

"मी मागणी घालणारा नव्हे, नाजखातून. मी रफूगार."

"मग बसा, आणि आधी चहा घ्या," ती तशाच रागात म्हणाली आणि माझ्या पाठीशी एक उशी आदळली.

सनोबर कोपऱ्यात होती. डोळे सुजलेले.

"लव तुझ्या हातची आहे, पोरी."

"हो," ती म्हणाली. "माझीच आहे. सांगून टाका सगळ्यांना."

"का बांधलीस?"

"कंटाळा आला."

"कंटाळलेली मुलगी जेवायलासुद्धा उठत नाही?"

तिनं चपापून वर पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "उस्ताद, तुमचं काम भोकं बुजवायचं. हे भोक मोठं करू नका. माझं लग्न मोडलंय ना? मोडू दे. त्याच्यापुढे जाऊ नका, तुम्हाला इमामांची शपथ."

आपलं लग्न मोडतंय त्यापेक्षा मोठं या पोरीला काय वाचवायचं होतं?

मला एक वाईट खोड आहे. उसवलेली शिवण दिसली की बोट तिथं जातंच. पाठीमागची उशी कोपऱ्यात उसवली होती, आणि मी बोलता बोलता आत बोट घातलं होतं. लोकरीची चिमूट बाहेर आली.

"ते नका काढू!" सनोबर एकदम ओरडली.

"अगं, काढू दे की," नाजखातून म्हणाली. "रुखवताच्या उशा आहेत, उस्ताद. मागाखालचा केर भरतो आम्ही त्यात. आता कुठलं रुखवत नि कुठलं काय!"

मागाखालचा केर म्हणजे कातरून पडलेली लव. आखूड आणि सरळ. माझ्या चिमटीतले तुकडे सरळ नव्हते. मधोमध मुडपलेले होते. बांधलेली गाठ काही दिवस तशी राहिली आणि मग उपसून काढली की लोकरीला असा बाक राहतो. आणि बाक रुंद होता. चार धाग्यांचा.

मी तुकडे दारातल्या उजेडात धरले. सगळे पिस्ता रंगाचे.

सनोबरनं तोंड ओढणीत लपवलं. मी चहा तसाच ठेवून उठलो.

५

सनोबरच्या वाट्यात पिस्ता रंग नव्हता. तिच्याकडे किनार, निळी आणि विटकरी. तूबाकडे तीच किनार, उलट्या बाजूची. पिस्ता रंग त्या गालिच्यात एकाच ठिकाणी होता, मधल्या मोठ्या फुलात.

बीबी अंगणात जरिश्कची आंबट फळं निवडत बसली होती. मी दारात येऊन उभा राहिलो. तिनं मान वर केली, माझ्याकडे तोंड केलं, आणि पुन्हा खाली घातली. कालही तिनं असंच केलं होतं आणि मला राग आला होता. वाटलं होतं, पाहुण्याला या म्हणायचीसुद्धा हिला पडलेली नाही. मी खाकरलो.

"उस्ताद होय! मग दारात भुतासारखे उभे का?"

मी तिच्या सुपात पाहिलं. काटक्या, देठ, पानं, एकही नव्हतं. बोटांनी ते सगळं वेचलं होतं. पण लालबुंद फळांत काळी पडलेली, किडकी फळं तशीच होती, मुठीमुठीनं. बोटाला लाल आणि काळं सारखंच लागतं.

मी तसाच मागाच्या खोलीत गेलो. या वेळी तळवा मधल्या वाट्यावर ठेवला. खालच्या भागात लव उजवीकडे, बीबीची, वर्षानुवर्षं मी ओळखत आलो ती. मग सनोबरचा जुफ्तीचा पट्टा जिथं सुरू होतो, त्याच्या थोडं खालीच मधली लव फिरली. आधी थोडी थोडी, ठिगळांसारखी. वर वर जास्त. मी मागे जाऊन अंगठा फिरवला. इथं एकही जुफ्ती नव्हती. दोन दोन धाग्यांवर घट्ट बसवलेल्या, नितळ, प्रामाणिक गाठी, आणि सगळ्या उलट्या.

बीबीला धागे दिसेनासे झाले होते. दोनाच्या जागी चार पकडले जात होते, तिच्या नकळत. आयुष्यभर जिनं जुफ्तीला शिव्या घातल्या, ती स्वतःच जुफ्ती बांधत होती. शेजारी बसलेल्या पोरीनं ते पाहिलं. सांगितलं असतं तर मधली जागा गेली असती, आणि त्या जागेशिवाय बीबी जगली नसती. म्हणून पोरगी लोकर पुरवते, टोकं कापते असं म्हणत खेटून बसायची आणि चुकलेल्या गाठी उपसून आपल्या बांधायची. दुपारचा वेळ पुरेना, तेव्हा आपला वाटा निम्म्या गाठींत उरकून उरलेला वेळ बीबीच्या वाट्याला देऊ लागली. अब्रू बीबीची राखली, ती आपली देऊन. आणि बीबीच्याच अंगठ्यानं तिला पकडलं.

मी तिथं बसून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पण आता करायचं काय? खरं सांगावं तर म्हातारीला भर अंगणात आंधळी आणि लबाड ठरवायचं. गप्प बसावं तर पोरीचा जन्म वाया. यदुल्लाला सांगावं, तर तो आईला विचारल्याशिवाय राहणार नाही. बाहेर बायका जमायला लागल्या होत्या. मिर्झाचा आवाज आला, "चला, कळलं का काही?"

६

"बीबी," मी दारातून हाक मारली. "आधी तुम्ही एकट्या आत या."

ती आली. मागापर्यंतची पावलं तिला पाठ होती. मी दार लोटलं.

"कुणाचा हात?"

"मी सांगत नाही. तुम्हीच बघा. समोरून, तूबाच्या बाजूनं तळवा फिरवत या. थेट तिकडच्या टोकापर्यंत."

"मला शिकवता?" ती म्हणाली, पण हात टेकवला. तूबाची किनार ओलांडून हात मधल्या फुलात शिरला आणि अडला. तिनं हात उचलून पुन्हा ठेवला. खाली नेला, वर आणला. मधल्या फुलावरून तिची बोटं इतक्या सावकाश गेली की मला तिच्याकडे बघवेना.

"ही लव माझी नाही," ती म्हणाली.

मी पिस्ता रंगाचे तुकडे तिच्या हातावर ठेवले. तिनं एक उचलला, दोन बोटांत फिरवला, बाकावरून नख नेलं.

"उपसलेली गाठ आहे. चार धाग्यांची." मग आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच, तिनं दुसऱ्या माणसाला ते विचारलं. "रंग कोणता आहे, उस्ताद?"

"पिस्ता."

बीबी मागासमोरच्या फळीवर बसली, तूबाच्या जागेवर. मधल्या जागेवर नाही.

"किती झाल्या असतील?"

"एक उशीभर."

"आणि मी तिला म्हटलं, तोंड आहे की बोचकं." तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मला वाटायचं, कंदिलाची काच काळी झालीय. मग वाटायचं, लोकरच वाईट आलीय. यदुल्लाला सांगितलं असतं तर त्यानं मला मशहदला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डॉक्टर म्हणाला असता, म्हातारे, माग सोड. म्हणून नाही सांगितलं. घाबरले मी."

"बीबी, बाहेर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकतो. उंदीर म्हणतो, ओल म्हणतो. सनोबरच्या वाट्यातल्या गाठी उपसून पुन्हा बांधायचं काम माझं. कुणाला काही कळणार नाही."

"आणि पोरीला लोक काय म्हणतील?"

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"मग बाजूला व्हा."

तिनं दार उघडलं. अंगणात मिर्झा होता, तूबा होती, काल दारात उभ्या असलेल्या त्या चौघी होत्या. यदुल्ला भिंतीला टेकून. आणि फाटकाशी नाजखातून, भांडायच्या तयारीनं कमरेला ओढणी खोचून, लेकीला हाताला धरून.

"मिर्झा," बीबी म्हणाली, "जुफ्ती माझ्यामुळे झाली. मला दिसत नाही. बरेच दिवस झाले. माझा वाटा ही पोरगी बांधत होती, आणि मला वाटत होतं मीच बांधतेय. तिच्या वाट्यातल्या खोट्या गाठी उस्ताद काढतील, माझ्या तिनं आधीच काढल्यात. गालिचा उशिरा मिळेल. नाव कळवायचं असेल तर माझं कळवा, नीट कळवा, माहनेसा म्हणून."

मिर्झानं तोंड उघडलं, आणि आयुष्यात एकदाच शहाणपणानं मिटलं. तूबा ओठ चावत होती. शेजारी बसून तिलाही कळलं नव्हतं, आणि तिला ते लागलं असावं.

"आई," यदुल्ला पुढे झाला.

"तू थांब. तुझं काम नाही." बीबी उंबऱ्यावर उभी होती. समोर तीन पायऱ्या, मग पाण्याचा पाट, मग गल्ली. एरवी ती हे सगळं झपाझप पार करायची. आता कळलं, पाठांतरावर. आता मात्र तिनं पाऊल टाकलं नाही. हात पुढे केला, रिकाम्या हवेत.

"सनोबर कुठाय?"

"इथं आहे, बीबी."

"ये. हात धर माझा. मला तुझ्या घरी ने."

"आत्ता? कशाला, बीबी?"

"कशाला म्हणजे? तुला मागायला," बीबी म्हणाली. "काल मी मोडलं ते फाटकात उभं राहून जुळत नसतं. तुझ्या आईच्या उंबऱ्यावर जाऊन मागावं लागतं. मला रस्ता दिसत नाही, आणि दुसऱ्या कुणाचा हात मी धरणार नाही."

नाजखातूननं कमरेची ओढणी सोडली आणि कुणाकडे न बघता घराकडे धावत सुटली. पाहुणे येणार होते, आणि घरात चहासुद्धा टाकलेला नव्हता.

सनोबर पायऱ्या चढून आली. तिनं बीबीचा हात आपल्या हातात घेतला.

"खाली पायरी आहे, बीबी," ती म्हणाली. "हळू."